जर्मनीत विद्यार्थ्याचं नवं घर: किल्ली मिळाल्यापासून पहिले दोन आठवडे

जर्मनीत शिकायला आलेली बहुतेक मुलं किल्ली हातात पडली की आधी बॅगा उघडतात, घरच्यांना व्हिडिओ कॉल लावून खोली दाखवतात आणि मग उशा-चादरी आणायला धावतात. कागदांचं काम ‘बघू निवांत’ म्हणून मागे राहतं आणि पुढच्या बहुतेक कटकटी तिथूनच सुरू होतात. इथे एक काम दुसऱ्यावर अडलेलं असतं. घरमालकाच्या सहीचा कागद नसेल तर पत्त्याची नोंद होत नाही. पत्त्याची नोंद नसेल तर राहण्याच्या परवान्याचं काम पुढे सरकत नाही. लेटरबॉक्सवर नाव नसेल तर बँकेचं कार्ड आल्या पावली परत जातं. ही कामं एकेकटी घेतली तर सोपी आहेत, क्रम चुकला की महिनाभर पुरतात.

म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने करा. खोली विद्यार्थी वसतिगृहातली असो, तिघाचौघांनी मिळून घेतलेला फ्लॅट म्हणजे वे-गे असो की एकट्याचा स्टुडिओ, क्रम तोच राहतो. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा 1: निघण्याआधी पैसे आणि वार ठरवा

भाडेकरारात तीन शब्द शोधा. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. नेबेनकोस्टेन म्हणजे पाणी, हीटिंग, कचरा, जिन्याची सफाई वगैरेंसाठी दरमहा घेतली जाणारी आगाऊ रक्कम. दोन्हींची बेरीज म्हणजे वार्ममीटे. वसतिगृहात वीज आणि इंटरनेट बहुधा भाड्यातच धरलेलं असतं. खासगी घरात मात्र वार्ममीटेमध्येही ही दोन्ही बिलं बहुतेक वेळा नसतात. ‘सगळं धरून’ या तोंडी शब्दावर राहू नका. वीज आणि इंटरनेट त्यात आहे का, हे ईमेलवर विचारून ठेवा.

अनामत रकमेला इथे काउत्सिओन म्हणतात. जर्मन नागरी कायद्याच्या कलम 551 नुसार घरमालक जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकीच अनामत मागू शकतो आणि ती तीन सारख्या मासिक हप्त्यांत भरायचा हक्क तुम्हाला आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना, उरलेले दोन पुढच्या दोन भाड्यांबरोबर. सगळी रक्कम एकदम द्यायला हरकत नाही, पण ऐपत नसताना उसने पैसे काढून देण्याची गरज नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता बहुतेकांची फसगत होते ती जागा. श्पेरकोंटो, म्हणजे व्हिसासाठीच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून दरमहा ठरावीक रक्कमच सुटते. सप्टेंबर 2024 पासून विद्यार्थ्यांसाठी ती महिन्याला 992 युरो, वर्षाला 11,904 युरो आहे. पहिलं भाडं, अनामतीचा हप्ता, गादी-भांडी आणि तिकीट-पास यांची बेरीज या आकड्याच्या पलीकडे सहज जाते. शिवाय जर्मनीतलं चालू खातं उघडून ते जोडल्याशिवाय श्पेरकोंटोतला पहिला हप्ताही मिळत नाही. तेव्हा अनामत आणि पहिल्या दोन महिन्यांचं भाडं वेगळं काढून ठेवा आणि ते तुम्हाला लगेच पाठवता येईल अशा खात्यात किंवा कार्डावर असू द्या.

वारही बघून घ्या. रविवारी दुकानं बंद असतात. रेल्वे स्टेशनातली आणि पेट्रोल पंपावरची काही उघडी मिळतील, पण तिथे रजई मिळणार नाही. किल्ल्या देणारा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा देखभाल करणारा माणूस, बहुधा कामाच्या दिवशी आणि ठरलेल्या वेळेतच भेटतो. सोमवार ते गुरुवार सकाळी पोहोचता येईल असं विमान निवडा. शुक्रवारी रात्री पोहोचणं अटळ असेल तर सोमवारपर्यंत हॉस्टेलचं बुकिंग आधीच करा.

घर फर्निश्ड नसेल तर त्याचा इथला अर्थ आधी समजून घ्या. छताला दिव्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबत असतात. काही घरांत ओटा, सिंक, शेगडीसुद्धा नसते. आधीचा भाडेकरू ती उचलून नेतो किंवा तुम्हाला विकतो. दिवे, ओटा, शेगडी, फ्रिज, गादी यातलं काय आहे आणि काय नाही, हे नाव घेऊन विचारा.

इशारा: ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली पोस्टाने येईल’ असं म्हणणारा घरमालक जवळजवळ नक्की फसवणारा असतो. पासपोर्टची प्रत पाठवून विश्वास संपादन करण्याची युक्तीही जुनीच आहे. ओळखीचं कोणी घर प्रत्यक्ष बघून आल्याशिवाय पैसे पाठवू नका.

तपासा: विमानात बसण्याआधी तीन गोष्टी लेखी हव्यात: दोघांच्या सहीचा भाडेकरार, किल्ली मिळण्याचा दिवस आणि वेळ, आणि पत्त्याच्या नोंदीसाठी लागणारा कागद देण्याची घरमालकाची कबुली. जाहिरातीत किंवा बोलण्यात ‘आनमेल्डुंग (म्हणजे पत्त्याची नोंद) होणार नाही’ असं आलं तर ते घर पहिल्या मुक्कामासाठी घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी.

## टप्पा 2: किल्ली घेताना रिकाम्या घराची नोंद करा

या लेखातला सर्वात महत्त्वाचा टप्पा हाच. घर सोडताना अनामतीतून पैसे कापले जातात तेव्हा वाद एकाच मुद्द्यावर होतो: हे आधीपासून होतं की तुमच्यामुळे झालं? त्याचं उत्तर पहिल्या दिवशी लिहिलं जातं. त्या कागदाला यूबरगाबेप्रोटोकोल म्हणतात, म्हणजे ताबा देता-घेताना दोघांनी मिळून केलेली नोंद.

दिवसाउजेडी जा, फोन पूर्ण चार्ज करून. सामान दाराबाहेर किंवा एका कोपऱ्यात ठेवा, उघडू नका. दारापासून सुरुवात करून उजव्या हाताने भिंत धरून पूर्ण फेरी मारा, म्हणजे काही सुटत नाही. आधी एक सलग व्हिडिओ घ्या, मग फोटो: प्रत्येक भिंत, फरशी किंवा लॅमिनेट, खिडकीच्या चौकटी, ओव्हनचा आतला भाग, फ्रिजचे कप्पे, सिंक आणि कमोडवरचे तडे, शॉवरभोवतीची सिलिकॉनची पट्टी, गादीच्या दोन्ही बाजू.

मग हात लावून बघा. प्रत्येक नळ, गार आणि गरम दोन्ही. फ्लश. शेगडीची प्रत्येक प्लेट. प्रत्येक दिवा. फोनचा चार्जर घेऊन प्रत्येक सॉकेट. खिडक्यांच्या मुठीला इथे तीन जागा असतात: खाली म्हणजे बंद, आडवी म्हणजे पूर्ण उघडी, वर म्हणजे वरून थोडी कललेली. तिन्ही करून बघा. बाहेरचं रोलिंग शटर असेल तर ते पूर्ण खाली-वर करा, कारण त्याचा पट्टा तुटलेला असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

दोष लिहिताना मोघम लिहू नका. ‘फरशी थोडी खराब’ याचा दोन वर्षांनी काही उपयोग होत नाही. ‘खिडकीखालच्या लॅमिनेटवर, डाव्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावर, बोटाएवढा ओरखडा’ असं लिहा आणि त्याच ओरखड्याशेजारी पेन ठेवून फोटो घ्या, म्हणजे आकार कळतो. मीटरचा नंबर आणि त्यावरचा आकडा एकाच फोटोत दिसू दे. किल्ल्या मोजा आणि प्रत्येक कशाची आहे ते लिहून घ्या: मुख्य दार, घर, लेटरबॉक्स, तळघर, सायकलची खोली.

प्रोटोकोल जर्मनमध्ये असतो. घाईने सही मागितली तर शांतपणे सांगा की मी वाचून करतो. फोनवर भाषांतर करायला पाच मिनिटं लागतात. आपल्या मुलांना इथे भीड पडते, समोरचा माणूस घड्याळ बघत असतो, पण ही भीड महाग पडते. दिसत असलेला दोष न नोंदवता घर ताब्यात घेतलं तर त्या दोषाबद्दल नंतर तक्रार करण्याचा हक्क कमकुवत होतो. कायद्यातच तशी तरतूद आहे. सही केलेल्या कागदाची प्रत किंवा निदान फोटो तिथेच घ्या.

घरमालक म्हणाला की प्रोटोकोलची गरज नाही, तर स्वतः यादी करा आणि फोटोंसह त्याच संध्याकाळी त्याला ईमेल करा. वे-गेमध्ये आधीच्या मुलाकडून खोली घेत असाल तर हे आणखी गरजेचं आहे, कारण तिथे अनामत अनेकदा घरमालकाकडे न जाता एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे जाते आणि आधीच्याने केलेलं नुकसान तुमच्या गळ्यात पडतं. अशा वेळी करार कोणाशी आहे आणि पोटभाडेकरू ठेवायला घरमालकाची परवानगी आहे का, हे लेखी बघा.

तपासा: पहिल्या आठवड्यात काही नवं आढळलं, जसं की रात्री टपकणारा पाइप किंवा गरम न होणारा हीटर, तर त्याच दिवशी ईमेलने कळवा. दोष कळवणं ही भाडेकरूची कायदेशीर जबाबदारी आहे. गप्प राहिल्यामुळे नुकसान वाढलं तर ते तुमच्याकडून वसूल होऊ शकतं.

## टप्पा 3: त्याच दिवशी लेटरबॉक्सवर नाव लावा

जर्मनीत टपाल फ्लॅट नंबरवर येत नाही, नावावर येतं. बहुतेक इमारतींत पत्त्यात फ्लॅटचा क्रमांकच नसतो. पोस्टमन लेटरबॉक्सवरचं आडनाव वाचतो आणि ते जुळलं नाही की पत्र परत पाठवतो. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विमा कार्ड, कर क्रमांक हे सगळं पत्रानेच येतं.

नाव पासपोर्टवर आहे तसंच लावा. इथे मराठी नावांचा खास घोळ होतो. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं नाव असतं आणि काही कार्यालयं त्यालाच आडनाव समजतात. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो. करारात, बँकेत आणि विद्यापीठात तुमचं नाव कसं गेलंय ते बघा आणि वेगवेगळं गेलं असेल तर दोन्ही रूपं पाटीवर लिहा. बेलच्या बटणाशेजारीही तेच नाव हवं, नाहीतर पार्सलवाला दार न शोधता निघून जातो.

काही वसतिगृहांत आणि सोसायट्यांत पाटी हाउसमाइस्टरच लावतो आणि त्याला आठवडा लागतो. तोवर कागदावर सुवाच्य नाव लिहून पारदर्शक टेपने चिकटवा. वे-गेमध्ये करार दुसऱ्याच्या नावावर असेल आणि पाटीवर तुमचं नाव लागत नसेल, तर पत्त्यात नावाच्या खालच्या ओळीत ‘c/o’, म्हणजे ‘यांच्याकडे’, असं लिहून मूळ भाडेकरूचं आडनाव द्या.

## टप्पा 4: पहिली रात्र

दाराची रचना समजून घ्या. इथल्या फ्लॅटच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता घट्ट बसवलेला गोळा असतो. दार ओढलं गेलं की बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. कचरा टाकायला दोन मिनिटं बाहेर पडताना वाऱ्याने दार बंद होणं ही नव्या मुलांची हमखास अडचण आहे. किल्ली खिशात असल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ही सवय पहिल्या रात्रीपासून लावा. एक जादा किल्ली भरवशाच्या मित्राकडे ठेवा.

तरीही अडकलात तर आधी हाउसमाइस्टरला किंवा वसतिगृहाच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा. किल्लीवाल्याला बोलवावंच लागलं तर येण्याजाण्यासकट एकूण रक्कम फोनवरच ठरवून घ्या आणि तो आसपासचाच आहे ना याची खात्री करा. नेटवर जाहिरातीत सर्वात वर दिसणारे बरेच जण दुरून येतात आणि रात्रीचं भरमसाट बिल लावतात. नुसतं ओढलं गेलेलं दार कुलूप न फोडता उघडतं. कुलूप बदलावं लागेल असं तो म्हणाला तर थांबवा.

फ्यूजची पेटी शोधा, पाण्याचा मुख्य कॉक शोधा, धुराचा अलार्म कुठे आहे बघा. जर्मनीच्या सर्व राज्यांत झोपायच्या खोलीत आणि बाहेर पडायच्या मार्गिकेत धुराचा अलार्म सक्तीचा आहे. फोडणीच्या धुराने तो वाजतो म्हणून काहीजण त्याला पिशवी बांधतात किंवा बॅटरी काढतात. असं करू नका; जिवाशी खेळ आहे आणि विम्याच्या दाव्यातही अडचण येते. दार लावून, खिडकी उघडून फोडणी घाला.

आग आणि रुग्णवाहिकेसाठी 112, पोलिसांसाठी 110, आणि डॉक्टर बंद असताना जिवावर बेतलेलं नसलेल्या आजारपणासाठी 116117 हे नंबर फोनमध्ये ठेवा.

विजेचा दाब आपल्यासारखाच 230 व्होल्ट आहे, त्यामुळे कन्व्हर्टर लागत नाही. फक्त पिनचा आकार वेगळा आहे. आपली तीन गोल पिनांची वायर इथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. स्वस्त ॲडाप्टरमध्ये अनेकदा अर्थिंग तुटतं. फोन-लॅपटॉपला ते चालून जाईल, पण मिक्सर किंवा इस्त्री त्यावर लावू नका. घरून आणलेला एक्स्टेंशन बोर्ड ॲडाप्टरवर आणि त्यावर आणखी एक बोर्ड, हे तर मुळीच नको. इथल्या पिनेचा एक चांगला बोर्ड विकत घ्या.

## टप्पा 5: पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करणं कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर 1000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. राहायला येण्याआधी नोंद करता येत नाही, पण अपॉइंटमेंट आधीच घेता येते आणि घ्यावीच. मोठ्या शहरांत, विशेषतः सत्र सुरू होताना, दोन आठवड्यांत वेळ मिळणं कठीण असतं. बर्लिनमध्ये शहरातल्या कोणत्याही ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांची अशी कामं होतात त्या सरकारी कार्यालयात, नोंद चालते, फक्त आपल्याच भागातलं कार्यालय धरून बसू नका. इतर शहरांतही पहाटे किंवा सकाळी लवकर वेबसाइट बघितली तर रद्द झालेल्या वेळा सापडतात. वेळ पुढचीच मिळाली तर बुकिंगची पोचपावती जपून ठेवा.

सोबत तीन गोष्टी न्यायच्या: पासपोर्ट, भरलेला नोंदणी फॉर्म आणि वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. हे लांबलचक नाव पाठ करा, कारण सर्वात जास्त मुलं इथेच परत पाठवली जातात. तुम्ही या तारखेला या घरात राहायला आलात, असं घरमालकाने सहीनिशी लिहून दिलेलं हे एक पान असतं. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही, कितीही शिक्के असले तरी. घरमालकाने तो द्यायलाच हवा. टाळाटाळ झाली तर दोन आठवडे संपायच्या आत नोंदणी कार्यालयाला तसं कळवा.

फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चची नोंद केली तर पगार सुरू झाल्यावर आयकराच्या 8 किंवा 9 टक्के चर्च कर लागतो. बाकीच्यांनी हा रकाना समजून, जे खरं आहे तेच भरावं.

इशारा: स्वतःचं घर मिळालं नाही म्हणून मित्राच्या पत्त्यावर नुसती कागदोपत्री नोंद करू नका. तिथे न राहणाऱ्याला असा पत्ता वापरायला देणाऱ्या मित्राला कायद्याने 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

तपासा: हातात मिळालेल्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि राहायला आल्याची तारीख खिडकीसमोरून हलण्याआधी वाचा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. यानंतर काही आठवड्यांत अकरा अंकी कर क्रमांक पत्राने येतो. तो आयुष्यभर तोच राहतो, पत्र फेकू नका.

## टप्पा 6: वीज, इंटरनेट, प्रसारण शुल्क आणि विमा

वीज भाड्यात नसेल तर ती स्वतःच्या नावावर घ्यावी लागते. काहीच केलं नाही तरी दिवे लागतात, कारण त्या भागातली मूळ कंपनी आपोआप पुरवठा करते, पण तो दर बहुधा महाग असतो. त्यातून दोन आठवड्यांच्या नोटिशीवर बाहेर पडता येतं. जून 2025 पासून मागच्या तारखेने पुरवठादाराची नोंद होत नाही, म्हणून हे काम लांबवाल तितके दिवस महाग वीज वापराल. मीटरचा नंबर आणि टप्पा 2 मध्ये घेतलेला आकडा इथे लागतो.

इंटरनेटचा करार 24 महिन्यांचा गळ्यात मारला जातो. तुमचं राहणं तेवढं नक्की आहे का, याचा विचार करा. मासिक करार थोडा महाग वाटला तरी विद्यार्थ्याला तोच सोयीचा. वसतिगृहात आधी विचारा, बहुतेक ठिकाणी केबल सॉकेटमध्ये घातली की झालं.

नोंदणीनंतर काही आठवड्यांनी रुंडफुंकबाइट्रागचं पत्र येतं. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी दर घरामागे महिन्याला 18.36 युरो द्यावे लागतात, टीव्ही असो वा नसो. जाहिरात समजून किंवा फसवणूक समजून हे पत्र फेकणारे पुष्कळ आहेत, आणि मग राहायला आल्या महिन्यापासूनची थकबाकी येते. वे-गेमध्ये एकाच घरासाठी एकानेच भरायचं असतं. कोणी आधीच भरत असेल तर त्याचा शुल्क क्रमांक उत्तरात कळवा आणि आपला वाटा त्याला द्या. वसतिगृहातल्या सामायिक मार्गिकेवर उघडणाऱ्या खोल्या मात्र प्रत्येकी वेगळं घर धरल्या जातात.

हाफ्टफ्लिश्ट, म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा, सक्तीचा नाही. तरी घ्या. इमारतीची किल्ली हरवली तर सगळ्यांची कुलपं बदलावी लागू शकतात आणि ते बिल विद्यार्थ्याला झेपणारं नसतं. विमा घेताना भाड्याच्या घराच्या किल्ल्या त्यात धरल्या आहेत ना, ते वाचा.

## टप्पा 7: बाथरूम आणि ओटा

इथल्या बहुतेक बाथरूमच्या जमिनीला पाणी जायला जाळी नसते. शॉवरच्या तळाबाहेर पडलेलं पाणी कुठेच जात नाही; ते फरशीच्या सांध्यांतून उतरतं आणि खालच्या घराच्या छतावर पिवळट डाग होऊन दिसतं. बादली-तांब्याने अंघोळ करायची तर शॉवरच्या चौकटीत बसूनच. बाथरूमची जमीन पाणी ओतून धुणं कायमचं विसरा, ओल्या फडक्याने पुसा. अंघोळ झाली की काचेवरचं आणि टाइल्सवरचं पाणी छोट्या वायपरने ओढून घ्या. बऱ्याच शहरांचं पाणी जड आहे, पांढरा थर पटकन बसतो आणि जुना झाला की निघत नाही. सायट्रिक ॲसिडची पूड गार पाण्यात घालून लावली तर तो सुटतो. गरम पाण्यात घालू नका, उलट घट्ट साका बसतो.

ओट्यावर हळद सांडली तर त्याच क्षणी पुसा. पांढऱ्या लॅमिनेटवर आणि सिलिकॉनच्या पट्टीवर तिचा डाग राहतो आणि घर सोडताना नेमका तोच दिसतो. तेल सिंकमध्ये ओतू नका. गार करून जुन्या बरणीत भरा आणि कचऱ्यात टाका. शेगडी इंडक्शन असेल तर घरून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणार नाही. बुडाला लोहचुंबक चिकटलं तरच भांडं चालेल, ही चाचणी सामान भरतानाच करा.

शेगडीवरची चिमणी हवा बाहेर सोडते की गाळून पुन्हा खोलीतच सोडते, ते बघा. दुसऱ्या प्रकारात वास थोडा कमी होतो, वाफ घरातच राहते. तिथे खिडकी उघडण्याला पर्याय नाही.

## टप्पा 8: हीटर आणि खिडक्या

हिवाळ्यात येणाऱ्या बहुतेक तक्रारी बुरशीच्या असतात आणि घरमालक पहिलं बोट तुमच्या सवयींकडे दाखवतो. म्हणून हे नीट समजून घ्या.

हीटरच्या मुठीवरचे 1 ते 5 आकडे तापमान दाखवतात, जोर दाखवत नाहीत. 3 म्हणजे साधारण 20 अंश, पुढचा-मागचा प्रत्येक आकडा अंदाजे 4 अंशांनी कमी-जास्त. 5 वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त 28 अंशांपर्यंत तापतच राहते आणि वर्षअखेरीच्या हिशेबात ते पैसे येतात. हिमकणाची खूण म्हणजे पाइप गोठू नये इतपत ऊब. हिवाळ्यात बाहेरगावी जातानाही हीटर याच्या खाली आणू नका. मुठीवर पडदा किंवा पलंग आला तर तिला खोली गरम झाल्याचा भास होतो आणि खोली गारच राहते.

हवा बदलण्याची इथली पद्धत म्हणजे श्टोसल्युफ्टेन. हीटर बंद करा, खिडकी पूर्ण उघडा, शक्य असेल तर समोरचीही उघडा, 5 ते 10 मिनिटं. मग बंद करून हीटर पुन्हा सुरू. सकाळी उठल्यावर, अंघोळीनंतर, स्वयंपाकानंतर आणि झोपण्याआधी. कडाक्याच्या थंडीत पाच मिनिटं पुरतात, कारण बाहेरची हवा कोरडी असते आणि लवकर बदलते.

सर्रास होणारी चूक म्हणजे खिडकी दिवसभर कललेली ठेवणं. त्याने हवा फारशी बदलत नाही, खिडकीभोवतीची भिंत मात्र गार पडते. त्या गार भिंतीवर भाताची, अंघोळीची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ पाणी होऊन बसते आणि तिथेच काळे ठिपके उगवतात. कपाट आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून 5 ते 10 सेंटिमीटर दूर ठेवा. एक साधा आर्द्रतामापक घ्या. आकडा 40 ते 60 टक्क्यांच्या मध्ये राहायला हवा.

तपासा: सकाळी काचेच्या आतल्या बाजूला पाणी दिसलं तर पुसा आणि खिडकी उघडा. भिंतीवर ठिपके दिसले तर रंग मारून झाकू नका. तारखेसह फोटो काढून घरमालकाला कळवा. दोष इमारतीच्या भिंतीत असू शकतो आणि तसं असेल तर दुरुस्ती त्याने करायची असते.

## टप्पा 9: कचरा, शांतता आणि शेजारी

डब्यांचे रंग गावागणिक थोडे बदलतात, म्हणून झाकणावरचं लेबल वाचा. ढोबळ विभागणी अशी: कागद-पुठ्ठा एका डब्यात, प्लास्टिक, डबे आणि पॅकिंग पिवळ्या डब्यात किंवा पिवळ्या पिशवीत, भाज्यांची सालं बायो डब्यात, उरलेलं रेस्टम्युलमध्ये. बायो डब्यात साधी प्लास्टिक पिशवी टाकली की अख्ख्या इमारतीचा डबा न उचलता सोडून जाऊ शकतात. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या डब्यांत पांढऱ्या, तपकिरी, हिरव्या अशा वेगळ्या टाकायच्या. निळी काच हिरव्यात जाते. रात्री आणि रविवारी तिथे बाटल्या टाकू नका, आवाजावरून शेजारी तक्रार करतात. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्या आणि कॅनवर 25 सेंट ठेव असते. त्या दाबून चपट्या करू नका, सुपरमार्केटच्या मशीनला खूण वाचता आली पाहिजे.

रात्री 10 ते सकाळी 6 आणि रविवारी पूर्ण दिवस शांतता. वॉशिंग मशीन, व्हॅक्युम क्लीनर, भिंतीत खिळे ठोकणं शनिवारी संध्याकाळपर्यंत उरका. हाउसओर्डनुंग म्हणजे इमारतीची नियमावली करारासोबत असते. जिना झाडायची पाळी कोणाची, कपडे कुठे वाळवायचे हे त्यात लिहिलेलं असतं. ती भाषांतर करून एकदा तरी पूर्ण वाचा. आल्यावर शेजाऱ्यांच्या दारावर जाऊन नाव सांगितलं तर पुढे मसाल्याच्या वासावरून किंवा पाहुण्यांवरून थेट घरमालकाकडे चिठ्ठी जाण्याआधी तुमच्याशी बोलणं होतं. वे-गेमध्ये सफाईची पाळी, सामायिक तेल-मीठ आणि पाहुण्यांचं पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या.

## टप्पा 10: पुढच्या तारखा आत्ताच लिहून ठेवा

एक फाइल करा: करार, प्रोटोकोल, नोंदणीचा दाखला, अनामत भरल्याची पावती, मीटरचे फोटो. फोटो फोनवरच ठेवू नका, फोन हरवतो. स्वतःलाच ईमेल करा.

नेबेनकोस्टेनचा वार्षिक हिशेब घरमालकाने हिशेबाचं वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांत पाठवायचा असतो. तोपर्यंत तुम्ही घर सोडलेलं असू शकतं, तरी तो येतो आणि त्यासाठी अनामतीचा काही भाग रोखून ठेवला जातो. घर सोडताना नवा पत्ता आणि बँक खातं लेखी द्या. हिशेब चुकीचा वाटला तर हरकत घ्यायला तुम्हालाही 12 महिने मिळतात. वसतिगृह चालवणारं श्टुडीरेंडेनवेर्क किंवा विद्यार्थी संघटना बऱ्याच विद्यापीठांत मोफत किंवा अल्प शुल्कात कायदेशीर सल्ला देते, तिथे कागद घेऊन जा.

बेमुदत करार असेल तर भाडेकरूची नोटीस तीन महिन्यांची. पत्र महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत घरमालकाला पोहोचलं तरच तो महिना धरला जातो. पत्र कागदावर आणि हाताने सही केलेलं हवं. ईमेल, व्हॉट्सॲप किंवा स्कॅन चालत नाही. मुदतीच्या करारात मधेच सोडता येतंच असं नाही आणि वसतिगृहांच्या तारखा सत्राला बांधलेल्या असतात, त्यामुळे आपल्या करारातलं ते कलम आजच शोधा आणि नोटिशीची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीच्या आठवणीसह घाला.